वाड्यापर्यंतचे दूरसंचार : जाळे कोठे तुटते?

डिचोली तालुक्याचा भूभाग टेकड्या, बागायती आणि विखुरलेले वाडे यांनी बनलेला आहे. याच तालुक्यातील सर्वणसारख्या गावी दूरसंचाराचा विचार करताना प्रथम भूरचना ध्यानी घ्यावी लागते. अशा प्रदेशात एका घरी मोबाईल निर्वेध चालतो, तर हाकेच्या अंतरावरील दुसऱ्या घरी तो मुका होतो. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सत्तरी व सांगे तालुक्यांतील काही विद्यार्थ्यांना धडे ऐकण्यासाठी टेकडी चढावी लागली. दूरसंचार ही चैन नसून शिक्षणाची गरज आहे, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

मोबाईलचा संदेश रेडिओलहरींवर चालतो. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीची असते. ती दूरवर जाते व भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होते. ३३०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ९ सेंटिमीटरची असते. ती अधिक माहिती वाहू शकते, परंतु तिचा पल्ला कमी असतो. टेकडीच्या आड लहरींची छाया पडते. चिऱ्यांच्या जाड भिंती आणि पावसाने भिजलेली दाट झाडी यांमुळेही त्या क्षीण होतात.

मात्र मनोरा उभारला म्हणजे काम संपले, असे नव्हे. मनोऱ्यापर्यंत आलेली माहिती पुढे नेण्यासाठी प्रकाशतंतूची वाहिनी किंवा सूक्ष्मलहरींचा दुवा लागतो. हा दुवा अपुरा असल्यास पडद्यावर सर्व रेघा दिसूनही चित्र अडखळते. रेघा केवळ लहरींचे बळ दर्शवितात, वेग नव्हे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची राष्ट्रीय योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तथापि, पंचायत कार्यालयापासून वाड्यापर्यंतचे अखेरचे अंतर हीच खरी कसोटी होय. २०२३ पासून ब्रॉडबँड या संज्ञेस पात्र ठरण्यासाठी किमान वेग सेकंदास २ मेगाबिट ठरविण्यात आला; तत्पूर्वी तो ५१२ किलोबिट होता.

मनोऱ्याच्या प्रारणाविषयी ग्रामस्थांच्या मनात शंका असणे स्वाभाविक आहे. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा लागू करण्यात आली. शंकेचे निरसन मोजमापाने व्हावे, केवळ विरोधाने किंवा केवळ आश्वासनाने नव्हे.

तक्रारीचेही तसेच आहे. ‘नेटवर्क नाही’ एवढे सांगून दोषाचे मूळ कळत नाही. प्रत्येक वाड्यात घरात, अंगणात, सकाळी व रात्री निरीक्षण करून नोंद ठेवावी. अंगणात संदेश मिळतो पण घरात मिळत नाही, तर अडथळा भिंतीचा समजावा. दोन्हीकडे मिळत नसेल, तर छाया टेकडीची किंवा अंतर मनोऱ्याचे असू शकते. रेघा पूर्ण असून रात्रीच वेग मंदावत असेल, तर जाळ्याची क्षमता अपुरी पडत आहे. २०२४ च्या विनियमांनुसार सेवाकंपन्यांना आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. त्या नकाशांशी ही नोंद ताडून पाहावी आणि ग्रामसभेपुढे ठेवावी.

नकाशावर रंगविलेले गाव आणि प्रत्यक्षात जोडलेला वाडा यांतील अंतर अशा नोंदींनीच उघड होते. ते उघड झाले, तरच ते मिटविण्याची मागणी नेमकी व परिणामकारक ठरेल.