न दुखणारा चट्टा

दाढ दुखली की रात्रभर झोप नाही. सकाळी आपण आपल्या पायांनी डॉक्टराकडे जातो. पण एक रोग असा आहे की तो दुखतच नाही. तेच त्याचे कपट. त्याचे नाव कुष्ठरोग. कुणी त्याला महारोग म्हणतात, कुणी रक्तपिती.

हा रोग जंतूंपासून होतो. मागल्या जन्मीच्या पापाने होत नाही. नॉर्वे देशातील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली हे जंतू शोधले. ते फार सावकाश वाढतात. जंतू अंगात शिरले तरी चट्टा दिसायला पाच वर्षे लागतात, कधी वीसही. म्हणून 'कुणापासून आला' हे विचारीत बसू नये.

आता ओळख. चट्टा कातडीपेक्षा फिका किंवा लालसर असतो. गजकर्ण खाजते, हा खाजत नाही. कोड दुधासारखे पांढरे असते आणि तिथे स्पर्श कळतो. हा तेवढा पांढरा नसतो, आणि बहुधा बधिर असतो. घरी असे पाहा. माणसाला डोळे मिटायला सांगा. कापसाची बारीक वात चट्ट्याला हळूच टेकवा, मग चांगल्या कातडीला टेकवा. 'कुठे लागले? बोट ठेवा' असे म्हणा. चट्ट्यावर बोट येत नसेल तर उद्यावर टाकू नका. सुई टोचू नका. निखारा तर मुळीच नको.

काहींना असा चट्टा दिसतच नाही. चेहरा तेलकट चकाकतो, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया झडतात. लोक म्हणतात, तब्येत सुधारली!

कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? ती शीर या रोगात सुजते. मग करंगळी वाकते, भाकरी थापता येत नाही. पायातली वहाण गळाली तरी कळत नाही. आमच्या कनेरगाव नाक्याकडे हळद पिकते. हळद शिजवताना हाताला फोड आला आणि बाईला तो कळलाच नाही, तर तिला काटक म्हणू नका. तिला डॉक्टराकडे न्या.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. सहा महिने, नाहीतर बारा महिने घ्यावे लागते. ते सुरू झाले की थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्याला लागत नाही. लघवी लाल होते, कातडी काळवंडते, त्याला भिऊ नये. पण वाकडे झालेले बोट गोळीने सरळ होत नाही. म्हणून लवकर जायचे.

बाया चट्टा पदराखाली झाकतात. नवरा टाकील ही भीती. ती खोटी नव्हती. कायद्यातच हा रोग काडीमोडीचे कारण होता. २०१९ साली ते कलम काढून टाकले. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन वसवले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले. घरच्यांनीच हाकलल्यावर माणसांना जागा हवी होती, म्हणून. आज रोगी घरीच राहून बरा होतो.

एकाला रोग निघाला तर घरातल्या सगळ्यांनी अंग दाखवावे. पाठ स्वतःला दिसत नाही. पोरांचे सदरे काढून उन्हाच्या उजेडात पाहा.