कर्म, विकर्म आणि मनाचे समाधान

दिवसभराच्या श्रमाने आलेला थकवा रात्रीच्या झोपेने जातो. परंतु दुसराही एक थकवा आहे, जो झोपेने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २०१९ साली त्याचे वर्णन केले आहे. शक्ती ओसरणे, कामाविषयी मन दुरावणे अथवा कडवट होणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन लक्षणे होत. संघटनेने यास रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ टिकलेला व योग्य रीतीने न हाताळलेला ताण, हे त्याचे कारण सांगितले आहे.

या तीन लक्षणांपैकी दोन थेट मनाची आहेत, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. म्हणून केवळ रजा घेऊन भागत नाही. कामाशी मनाचे नाते कसे आहे, हेही तपासावे लागते.

बडोद्यास ज्यांचे शिक्षण झाले त्या विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवारी गीतेवर प्रवचने केली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. चौथ्या अध्यायातील ‘विकर्म’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ भाष्यकार ‘निषिद्ध कर्म’ असा करतात. विनोबांनी तो ‘विशेष कर्म’, म्हणजे बाह्य कर्माला मिळणारी अंतःकरणाची जोड, असा केला. कर्मात विकर्म मिसळले की कर्माचा भार उरत नाही, तेच अकर्म. श्रोते बंदिवान होते, हे लक्षात घेतले म्हणजे या विवेचनाचे मोल अधिकच कळते.

एक उदाहरण घेऊ. दोन शिक्षक वह्या तपासीत आहेत. एकाचे लक्ष गठ्ठा केव्हा संपेल याकडे. दुसऱ्याचे, मूल नेमके कोठे अडखळले याकडे. वह्या तितक्याच, वेळही तितकाच. पण पहिला दोन ओझी वाहतो: एक कामाचे, दुसरे त्या कामाविषयीच्या नाराजीचे. दुसऱ्याला एकच वाहावे लागते.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. पहिली, मन ओतणे म्हणजे फळाला चिकटणे नव्हे. विद्यार्थी उत्तीर्ण न झाल्यास स्वतःलाच निरुपयोगी ठरविणारा शिक्षक कर्माशी नव्हे, फळाशी बांधला गेला आहे. दुसरी, चार माणसांचे काम एकाच्या शिरावर लादले असेल, तर तो अन्याय निमूटपणे सोसणे म्हणजे अनासक्ती नव्हे. तेथे स्पष्ट बोलणे व भार वाटून घेण्याची मागणी करणे, हाच स्वधर्म. विकर्माने मनाचे ओझे हलके होते. कामाचे तास कमी होत नाहीत. आणि झोप व भूक दीर्घकाळ हरपली असेल, तर वैद्यांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

स्वाध्याय: या आठवड्यात रोज रात्री एका कामाविषयी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. माझे मन त्या कामात होते काय? नसल्यास ते कोठे होते? आणि जो भार मला जाणवला, तो कामाचा होता, नाराजीचा होता की अन्यायाचा? या तिन्हींचे उपाय निराळे आहेत. कामाच्या भारास विश्रांती, नाराजीस विकर्म आणि अन्यायास निर्भय वाणी.