जाळीवरचा कागद

"काका, रेडिएटर नवाकोरा आहे. इंजिनच म्हातारं झालंय तुमचं." हे वाक्य प्रस्तुत लेखकाने चार महिन्यांत तीन वेळा ऐकले. पहिल्यांदा एप्रिलमध्ये फोनवर, खंबाटकीच्या चढावर गाडी उकळली तेव्हा. दुसऱ्यांदा वर्कशॉपमध्ये, इंजिनचे हेड उतरवून टेबलावर ठेवलेले असताना. तिसऱ्यांदा जुलैमध्ये, त्याच नव्याकोऱ्या रेडिएटरला टाचणीएवढे भोक पडल्यावर.

इंजिनचा दोष तिन्ही वेळा नव्हता.

गाडी 1965 ची ॲम्बॅसिडर मार्क टू, वडिलांनी घेतलेली. मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातले 1489 सीसीचे इंजिन, बिडाचा ब्लॉक आणि बिडाचेच हेड. मूळ रेडिएटर त्या काळच्या पद्धतीचा होता : पितळी टाक्या, पितळी नळ्या, त्यांच्यामध्ये तांब्याच्या पातळ पत्र्याचे फिन आणि सगळे शिसे-कथिलाने झाळलेले. खालच्या टाकीच्या शिवणीतून थेंब-थेंब पाणी गळू लागले, म्हणून गाडी मार्चमध्ये पुण्याबाहेर महामार्गालगतच्या एका वर्कशॉपमध्ये गेली. तिथे सांगण्यात आले की झाळकाम आता कुणी करत नाही, तांब्याचा जमाना संपला, ॲल्युमिनियमचा बसवा. वजन निम्मे आणि गारवा दुप्पट. दोन दिवसांत गाडी हातात आली. बिल देताना लेखकाने एकच प्रश्न विचारला, तो वॉरंटीचा. विचारायला हवे होते ते प्रश्न वेगळे होते.

'गारवा दुप्पट' हे बोलणे आधी तपासून घेऊ. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमच्या पुढेच आहे, जवळजवळ पावणेदोन पट. तरीही चांगला ॲल्युमिनियम रेडिएटर तांबे-पितळेच्या तोडीस तोड चालतो, आणि त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पितळी नळी साधारण अर्धा इंच रुंद असते. फार रुंद केली तर दाबाने फुगते, म्हणून नळ्यांच्या तीन-चार रांगा कराव्या लागतात. शिवाय नळी आणि फिन यांच्यामध्ये झाळकामाचा थर येतो, आणि शिसे-कथिलातून उष्णता संथ जाते. ॲल्युमिनियमची नळी इंचभर किंवा त्याहून रुंद करता येते आणि फिन तिला भट्टीतच जोडले जातात. त्यामुळे कमी रांगांत तेवढेच काम होते. वजनाचा फायदा खरा आहे, कारण ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण चाळीस-पन्नासच्या वेगाने रविवारी फिरणाऱ्या गाडीला तीन-चार किलो हलके होऊन काय मिळणार?

हा गारवा मिळतो तो कोअरमधून, म्हणजे नळ्या आणि फिन यांच्या संचातून, पुरेसा वारा वाहिला तरच. नेमके तिथेच वर्कशॉपने घोळ घातला.

नवा कोअर जुन्यापेक्षा जाड होता. वॉटर पंपाच्या तोंडावर बसणारा मूळ लोखंडी पंखा त्याला घासू लागला, तेव्हा तो न विचारता काढून टाकला गेला आणि रेडिएटरच्या मागे विजेचा पंखा लावला गेला. "हे मॉडर्न आहे, काका." थर्मोस्टॅटही काढला, कारण "आपल्या हवेत त्याची गरज नसते." खोक्यासोबत आलेले 1.1 बारचे झाकण वर बसवले. म्हणजे सुमारे 16 पौंडांचा दाब, जिथे त्या काळच्या गाड्यांना 4 किंवा 7 पौंडांची झाकणे असत. साठ वर्षांच्या वॉटर पंपाचे सील आणि होज यांच्यावर दुपटीहून जास्त दाब पडणार, हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

त्यानंतरचे लक्षण विचित्र होते. महामार्गावर सत्तरच्या वेगाने गाडी तासभर पळाली तरी तापमानाचा काटा जागचा हलत नसे. चढ लागला किंवा सिग्नलला रांगेत उभे राहावे लागले की काटा लाल पट्टीकडे धावे. खंबाटकीत पहिल्यांदा वाफ आली. वर्कशॉपने फोनवरच निदान केले की हेड गॅस्केट गेली आहे. हेड उतरवले, प्लेन केले, नवी गॅस्केट घातली आणि भरभक्कम बिल लावले. जुनी गॅस्केट लेखकाने मागून घेतली. ती कुठेही जळलेली नव्हती. ती समोर धरल्यावर उत्तर मिळाले, "आज नाही तर उद्या जाणारच होती."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाईहून पाचगणीला निघालेली गाडी पसरणीच्या घाटात, अर्ध्या वाटेवर पुन्हा उकळली. दुसऱ्या गिअरमध्ये वेग जेमतेम वीस होता आणि विजेचा पंखा घोंघावत होता. बॉनेट उघडून तासभर थांबल्यावर, एका टपरीवरच्या पिंपातले पाणी भरून गाडी उताराने परत वाईत आणली. तिथे कुणीतरी एका वयस्क वायरमनकडे पाठवले. त्यांनी रेडिएटरला हातही लावला नाही. आधी बॅटरी पाहिली.

"साहेब, ही प्लस अर्थची गाडी आहे ना?"

"हो. पहिल्यापासून."

"मग पंखा कुणी जोडला?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे एप्रिलचे पान फाडले, पंखा सुरू केला आणि पान समोरच्या जाळीवर धरून सोडले. पान जाळीला चिकटायला हवे होते. ते पुढे उडाले आणि रस्त्यावर जाऊन पडले. वायरमनकाका काही बोलले नाहीत. त्यांनी पंख्याच्या दोन वायरी सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या आणि रस्त्यावरून तेच पान उचलून पुन्हा धरले. या वेळी ते जाळीला फट्‌कन चिकटले.

पाच मिनिटांचे काम होते. त्या पाच मिनिटांसाठी घरातल्या माणसांनी भर उन्हात दोन घाटांत ताटकळत काढलेले तास आणि निरोगी इंजिनचे उतरवलेले हेड लेखकाला एकदम आठवले. संताप आला तो वायरी उलट्या जोडल्याचा नव्हे, चूक कुणाचीही होते. हेड उतरवण्याआधी पंख्यासमोर कागद धरून पाहण्याचे कष्ट त्या वर्कशॉपमध्ये एकाही माणसाने घेतले नाहीत, याचा तो संताप होता आणि आजही आहे.

झाले होते ते असे. आजच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे पंख्याची काळी वायर बॉडीला आणि लाल वायर स्विचकडे जाते. त्या काळच्या अनेक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॉडीला प्लस असतो. तिथे सवयीने काळी वायर बॉडीला लावली की पंख्याची मोटर उलटी फिरते. रेडिएटरमागचा पंखा बाहेरचा वारा आत ओढण्याऐवजी बॉनेटमधली गरम हवा पुढे ढकलतो. महामार्गावर समोरून येणारा वारा त्याला हरवत होता, म्हणून काटा शांत. घाटात वारा मंदावला की उलटा पंखा जिंकत होता.

तेव्हा पहिला सल्ला हाच : जुन्या गाडीला विजेचा पंखा लावला की पैसे देण्याआधी जाळीवर कागद धरून पाहा. आणि त्याहीआधी स्वतः मोठ्याने सांगा की गाडी प्लस अर्थची आहे. बॉनेटखाली ठळक अक्षरांत तसे लिहून चिकटवा.

वायरी सुलट झाल्यावर दोन महिने गाडी चांगली चालली. जुलैमध्ये फरशीवर हिरवट डाग दिसला. रेडिएटरच्या बाजूच्या टाकीजवळ पांढरी पूड जमली होती, आणि ती खरवडल्यावर खाली भोक निघाले. वर्कशॉपचे म्हणणे तयार होते. इंजिनच्या म्हातारपणाचे वाक्य झाल्यावर पुढे, "बोअरचं पाणी घातलं असणार तुम्ही." कूलंटच्या डब्यांच्या पावत्या लेखकाने टेबलावर ठेवल्या. घाटात टपरीवरचे पाणी भरले होते हे खरे, तेही स्वतःहून सांगितले. पण तिसऱ्याच दिवशी ते काढून पुन्हा कूलंट भरले होते. मग वॉरंटी कार्डाच्या मागची बारीक ओळ दाखवण्यात आली : विजेमुळे झालेली झीज धरली जाणार नाही.

वीज कुठून आली, हे शोधायला मल्टिमीटर पुरला. इंजिन थंड असताना झाकण उघडायचे, मीटरची एक टोकणी बॅटरीच्या बॉडीकडच्या खांबाला लावायची आणि दुसरी फक्त पाण्यात बुडवायची, धातूला न टेकवता. सगळे बंद असताना काटा शून्याजवळ हवा. मग पंखा, दिवे, हॉर्न, सेल्फ असे एकेक चालू करत बघायचे. ॲल्युमिनियम रेडिएटरसाठी 0.1 व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहावे, 0.3 पर्यंत गेला तर धोका आहे असे समजावे. या गाडीत पंखा लावताच आकडा 0.4 च्या वर गेला. कारण वायर हाताने चाचपत गेल्यावर सापडले : वर्कशॉपने पंख्याचे अर्थिंग बॉडीला न देता रेडिएटरच्याच कडेच्या पट्टीला दिले होते. रेडिएटर बसला होता रबरी वायसरांवर आणि रंगवलेल्या पत्र्यावर. बॉडीपर्यंत नीट वाट न मिळाल्याने प्रवाहाचा काही भाग पाण्यातून इंजिनच्या ब्लॉककडे वाट काढत होता, आणि त्या वाटेवर ॲल्युमिनियम आतून खाल्ले जात होते. बीड, पितळ आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात बुडालेले असताना झीज तशीही होतेच, आणि कूलंटमधली रसायने ती रोखून धरतात. बाहेरून वीज आली की त्यांचेही काही चालत नाही.

म्हणून दुसरा सल्ला : रेडिएटरवर कशाचेही अर्थिंग नको, पंख्याचे नको आणि हॉर्नचेही नको. पंख्याची वायर स्वतंत्र, जाड आणि थेट बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर घ्या. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी जुनी असेल तर तीही बदला. हे दोन्ही केल्यावर मीटरचा आकडा 0.1 च्या खाली आला.

बाकीचे थोडक्यात. रेडिएटर मागवण्याआधी जुना काढून टेबलावर ठेवा आणि लांबी-रुंदीइतक्याच काळजीने जाडी मोजा. पंखा आणि कोअर यांच्यामध्ये किमान इंचभर जागा राहू द्या, कारण जोरात ब्रेक मारल्यावर इंजिन रबरी माउंटिंगवर पुढे झुकते. फार दाट फिनचा कोअर घेऊ नका; हळू फिरणाऱ्या जुन्या पंख्याला त्यातून वारा ओढता येत नाही. मूळ पंखा चालत असेल तर तोच ठेवा आणि त्याच्याभोवती पत्र्याचे वेष्टण करून घ्या. झाकण गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दाबाचेच हवे. 7 पौंडांच्या झाकणाने पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 11 अंशांनी वाढतो. सुमारे 1300 मीटर उंचीवरच्या पाचगणीत उघडे पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळते, तिथेही एवढी वाढ पुरते. थर्मोस्टॅट परत बसवा. त्याच्याशिवाय इंजिन थंड धावते, पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते. नवा रेडिएटर लावण्याआधी ब्लॉक पाण्याने उलटा धुऊन घ्या, नाहीतर साठ वर्षांचा गंज नव्या नळ्यांत जाऊन बसेल. जुने मिस्त्री ब्लॉक आणि रेडिएटर कॉस्टिक सोड्याने साफ करत. ॲल्युमिनियम बसवल्यावर तो डबा गॅरेजमधून बाहेर काढा, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळवतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांशिवाय काही भरू नका. गरम असताना झाकण उघडू नका. बिल नीट वाचा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, काढलेला रेडिएटर घरी आणा. या लेखकाने तो मागितला तेव्हा समजले की तो भंगारात गेला. तांबे-पितळेला भाव असतो, हे वर्कशॉपला ठाऊक होते. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्या नियमात भर आहे तो चासी, बॉडी आणि इंजिन यांवर. रेडिएटर बदलल्याने ती नोंदणी अडणार नाही. पण रॅलीत बॉनेट उघडून पाहणाऱ्या परीक्षकाला चकचकीत ॲल्युमिनियम लगेच दिसते. शिवाय पितळी टाकी एकदा हातची गेली की ती पुन्हा मिळवणे म्हणजे भंगाराच्या बाजारात उन्हातान्हात हिंडणे.

लेखक हिंडला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन खेपा केल्यावर जुन्या ॲम्बॅसिडरच्या वरच्या आणि खालच्या टाक्या मिळाल्या. झाळकाम करणारे 'आता कुणी नाही' असे सांगितले होते, ते पुण्यातच मिळाले. त्यांनी दोन टाक्यांमध्ये नवा तांब्याचा कोअर बसवून, हवा भरून, हौदात बुडवून दाखवला. आता मूळ लोखंडी पंखा जागेवर आहे, थर्मोस्टॅट आहे, 7 पौंडांचे झाकण आहे. डिसेंबरात गाडी पसरणीचा घाट न थांबता चढली.

त्या वर्कशॉपला सगळा हिशेब लेखी पाठवला : पंख्याच्या उलट्या वायरी, मीटरचे आकडे, न जळलेल्या गॅस्केटचा फोटो, भंगारात घातलेल्या रेडिएटरची किंमत. त्याची पोच आली, उत्तर आलेले नाही. हेड प्लेन केल्याचे पैसेही नाहीत.