जुलाब, क्लोरीन आणि आपण

विषय वाचून नाक मुरडू नका. मेसच्या रांगेत हा विषय रोज निघतो, फक्त छापायला आपण लाजतो.

मी धाटावचा, रोह्याजवळचा. आमच्याकडे एम.आय.डी.सी. आहे, बऱ्याच कंपन्या केमिकलच्या. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आमचं नाक तिखट. रंग दिसला, वास आला की गाव बोलायला लागतं, आणि बोलायलाच हवं. पण घरात कुणाला जुलाब लागले तरी बोट कंपनीकडेच! पावसाळ्यात आजी हंड्यात तुरटी फिरवायची. गाळ खाली बसायचा, पाणी काचेसारखं व्हायचं आणि आम्ही बिनधास्त प्यायचो. गोम इथेच आहे. गाळाबरोबर काही जंतू खाली बसतात, उरलेले पाण्यात जिवंतच राहतात. त्यांना ना रंग, ना वास.

रोटाव्हायरस, शिगेला, ई. कोलायच्या काही जाती, कॉलऱ्याचा जंतू... नावं बरीच, रस्ता एकच. एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात, मग ते पाण्यातून असो, हातातून असो की माशीच्या पायांवरून. जगात १९९० साली जुलाबाने सुमारे २९ लाख माणसं दगावली. २०२१ साली सुमारे १२ लाख. त्यात पाच वर्षांखालची मुलं लाखोंनी.

आकडा उतरला त्याचं बरंच श्रेय ओ.आर.एस.ला. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने द्यायला लावलं. सुमारे ३० टक्के रोगी दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. यात जादू नाही. आतड्यात ग्लुकोज आत शिरताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. ही वाट जुलाबातही चालू राहते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्या, मेसमधला डाव नको!

आता आपल्या शाखेचा भाग. नळाला पाणी दिवसातून तासभर येतं. पंप बंद झाला की पाइपातला दाब उतरतो, आणि गटारातून गेलेल्या पाइपाला चीर असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही चांगलं असलं तरी मधल्या वाटेवर राखण करायला उरतो तो क्लोरीन. म्हणून नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. गावात टीसीएल पावडर टाकून जलसुरक्षक ओ.टी. टेस्ट घेतो ती यासाठीच. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. (क्रिप्टोस्पोरिडियम मात्र क्लोरीनला जुमानत नाही, त्याला पाणी उकळणंच बरं.)

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जी.बी.एस.ची साथ आली. दोनशेच्या वर रुग्ण. अनेकांना आधी जुलाब, मग हातापायांतली ताकद गेली, काहींना व्हेंटिलेटर लागला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. संशय पाण्यावर गेला, आणि महापालिकेने काही खासगी आर.ओ. केंद्रांनाही टाळं लावलं.

आर.ओ. म्हटलं की आपण निर्धास्त होतो. पण त्यातला कार्बन फिल्टर पडदा वाचवण्यासाठी क्लोरीनच काढून टाकतो. मशिनमधून निघालेलं पाणी शुद्ध खरं, पण पुढच्या टाकीत त्याला कुणी राखणदार नाही.

सुट्टीत धाटावला गेलो तेव्हा ओळखीने ओ.टी.ची बाटली मिळाली, ती हॉस्टेलवर आणली. गच्चीवरच्या टाकीच्या नमुन्याला फिकट पिवळा रंग आला. कुलरच्या नळाचा नमुना जसाच्या तसा राहिला, जे अपेक्षितच होतं. म्हणून कुलरचं झाकण उघडून आत हात घातला. बाजूंना बुळबुळीत थर. टाकी शेवटची कधी धुतली, हे वॉचमनकाकांनाही आठवेना. गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावरच्या सात जणांना जुलाब झाले होते आणि आम्ही सगळ्यांनी मेसच्या पावभाजीला शिव्या घातल्या होत्या. दोष कुलरचा होता की पावभाजीचा, ते आता सिद्ध करता येणार नाही. दर पंधरा दिवसांनी टाकी धुण्याचं पत्र वॉर्डन सरांना दिलं आहे. धुवायला पहिल्या रविवारी मी आणि माझा रूममेट आहोत, दुसऱ्या रविवारची दोन नावं हवी आहेत.