पाणी स्वच्छ दिसतं, पण...

सिव्हिलला ॲडमिशन घेतली तेव्हा वाटलं, चला, बायोलॉजी सुटली! सिमेंट, स्टील आणि वाळूत जंतूंचं काय काम? पण एन्व्हायर्नमेंटलच्या प्रॅक्टिकलला सरांनी टेस्ट ट्यूबचा स्टँड समोर ठेवला आणि म्हणाले, "शहराला पाणी पाजायचं काम डॉक्टरचं नाही, तुमचं आहे." आपल्या नागपुरातली नीरी १९५८ साली सुरू झाली तीच मुळी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून. नीरी हे नाव १९७४ मध्ये आलं. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला मात्र जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया आणि विषाणू म्हणजे व्हायरस, इथपासून सुरुवात करावी लागली.

काम तसं घरचंच आहे. आई दुधाला विरजण लावते, तेच आपण करायचं. फरक एवढाच, की नको असलेला एकही जंतू आत शिरता कामा नये. म्हणून ब्रॉथ आधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवायचा (ऑटोक्लेव्ह म्हणजे आपला कुकरच, पण शिट्ट्या न मोजता काटा बघायचा). मग बर्नर पेटवायचा आणि पंखा बंद! नागपूरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद म्हणजे काय ते सांगायला नको. पण वाऱ्याने धूळ उडते, आणि धुळीवर जंतू बसलेले असतात. ज्योतीजवळची गरम हवा वर जाते, म्हणून नळीचं तोंड तिच्या शेजारीच उघडायचं. कापसाचा बोळा टेबलावर टेकवायचा नाही, करंगळीत धरून ठेवायचा. लॅबचे काका मागून ओरडतातच, "बोळा खाली काहून ठेवून राहिली व पोरी?"

उन्हाळ्याची आणखी एक गंमत. नळ्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या आणि बाहेर पारा ४५ वर! साधा इन्क्युबेटर फक्त गरम करू शकतो, थंड नाही. म्हणून तो एसीच्या खोलीत ठेवावा लागतो. उन्हाळ्याने जर्मनीतल्या रॉबर्ट कॉखच्या लॅबलाही सतावलं होतं. तिथे जंतू जिलेटिनवर वाढवत, आणि ते गरमीत वितळायचं. त्या लॅबमध्ये काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी १८८१ च्या सुमारास सुचवलं, की मी जेलीत अगर घालते ते वापरून बघा. अगर एकदा घट्ट झालं की ३७ अंशांत वितळत नाही. आपल्याकडे पुडिंगमध्ये घालतात ते चायना ग्रास म्हणजे हेच अगर. कॉखने १८८२ च्या निबंधात अगरचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा नाही. असो.

आता मुख्य टेस्ट. टायफॉइड, कॉलरा अशा प्रत्येकाचा जंतू पाण्यात शोधत बसलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून कोलिफॉर्म शोधायचे. यातला ई. कोलाय माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात भरपूर असतो. तो पाण्यात सापडला म्हणजे मैला मिसळलाय. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक सांगतं, १०० मिलीलीटरमध्ये ई. कोलाय एकही नको.

आम्ही आमच्या होस्टेलच्या वॉटर कूलरचं पाणी घेतलं. दिसायला अगदी काचेसारखं! बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट घालायचं असतं. नाहीतर पाण्यातलं क्लोरीन लॅबपर्यंतच्या वाटेत जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाच नळ्यांत १० मिली पाणी, पाचांत १ मिली, पाचांत ०.१ मिली. प्रत्येकीत एक उलटी छोटी डरहॅम ट्यूब. कोलिफॉर्म लॅक्टोज खाऊन गॅस सोडतात आणि तिच्यात बुडबुडा अडकतो.

४८ तासांनी बघितलं, तर १० मिलीच्या पाचही नळ्यांत बुडबुडे, बाकी दहांत काही नाही. तक्त्यात याचा आकडा २३, म्हणजे १०० मिलीमागे २३ जंतू असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मोजलेले नव्हे, हं! फक्त 'हो' आणि 'नाही' यांवरून काढलेला अंदाज. पुढे ईएमबी प्लेटवर हिरवट धातूसारखी चमक असलेल्या वसाहती आल्या. ई. कोलायची ती खूण.

वॉर्डन मॅडमना दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "बाटली तरी स्वच्छ होती का गं?" प्रश्न रास्त होता. म्हणूनच तशाच दुसऱ्या बाटलीत निर्जंतुक पाणी भरून आम्ही ब्लँक ठेवला होता. त्याच्या नळ्यांत बुडबुडा नव्हता. मॅडमनी त्या उजेडात धरून स्वतः बघितल्या आणि कूलर बंद करायला सांगितला. टाकी रिकामी करून घासली, ब्लीचिंग पावडर टाकली, परत धुतली. तोवर मेसच्या मावशी पाणी उकळून देत होत्या.

दुसऱ्या सॅम्पलच्या पंधराही नळ्या कोऱ्या निघाल्या. पण कावीळ करणारे विषाणू क्लोरीनला कोलिफॉर्मपेक्षा जास्त दाद देत नाहीत, म्हणून नळाला क्लोरीन येतंय का हे आम्ही आता दर सोमवारी बघतो.