अब्बा, आबा आणि ‘ॲबी’

आजचं वाचन : रोमकरांस पत्र ८:१५

‘ॲबी’ म्हटलं की मला वेस्टमिन्स्टर ॲबी आठवायची. राज्याभिषेक, शाही लग्नं. म्हणजे मोठं चर्च, असा माझा समज. काल शब्दाचं मूळ शोधलं, तर ते आजच्या वचनातच निघालं! पौल इथे देवाला जी हाक मारतो ती ‘अब्बा’, येशूच्या अरामी बोलीत ‘बाबा’. गेथशेमाने बागेत येशूच्या तोंडी हीच हाक आहे (मार्क १४:३६). पुढे ग्रीक-लॅटिनमधून हा शब्द मठाच्या प्रमुखाला लागला, ‘ॲबट’. ॲबटचं घर ती ॲबी.

आम्हा गारगोटीकरांना मठ म्हणजे पाटगावचा मौनी महाराजांचा मठ. पण ‘मठ’ शब्द जागा सांगतो, ‘ॲबी’ नातं सांगते. वेस्टमिन्स्टरचा मठ आठव्या हेन्रीने १५४० मध्ये बंद केला. आज तिथे ॲबट नाही, तरी नाव ॲबीच. आतल्या फाइल्स गेल्या, फोल्डरचं नाव तेवढं राहिलं.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. पण पृथ्वीवर कुणाला पिता म्हणण्याबद्दल येशूचीच ताकीद आहे (मत्तय २३:९), मग ॲबटला बाप कसं म्हणायचं? बेनेडिक्ट दुसऱ्या अध्यायात आजचंच वचन पुढे ठेवतो. ही हाक मुळात ख्रिस्ताची, ॲबट फक्त त्याच्या जागी उभा. म्हणून एकेका माणसाचा हिशेब त्याला देवापुढे द्यायचाय.

तिसऱ्या अध्यायापाशी मात्र मी अडकलो. महत्त्वाचं काही ठरवायचं तर ॲबटने सगळ्यांना बोलवावं, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच सुचवतो. निर्णय शेवटी ॲबटचाच, पण विचारायचं सगळ्यांना.

मी घरात धाकटा. वडिलांना आम्ही आबा म्हणतो (‘अब्बा’शी नातं जोडत नाहीये, पण कानाला ते लागतंच). दोन वर्षांपूर्वी शेताची वाटणी आबांनी मला न विचारता ठरवली. वाटणी चुकली असं आजही म्हणणार नाही. विचारलं नाही, एवढंच. तेव्हापासून मी गावी फोन करतो तो आईलाच. आणि प्रार्थनेत ‘अब्बा’ म्हणताना जीभ अडखळते, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बेनेडिक्टने नियम ॲबटसाठी लिहिला, रुसलेल्या धाकट्यासाठी नाही. तरी काल रात्री पुण्याहून फोन लावला. नेहमीसारखा आईनेच उचलला.

“जेवलास का रे?”

“जेवलो. आई, जरा आबांकडे दे.”