फेकताना पाय कोणता पुढे येतो?

मध्य प्रदेशात पांढुर्ण्याजवळच्या तिगावच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं कशी धावतात, उड्या मारतात, चेंडू फेकतात याच्या नोंदी काही वर्षं ठेवतो आहे. चुकतमाकत जे कळलं ते असं.

१. आधी आपली भाषा तपासा, मग पोर. 'एक पैर पर कूदो' म्हटलं की आमचे पोट्टे माझ्या तोंडाकडे पाहत. 'लंगडी घाला' म्हणताच अर्धं पटांगण पार! शाळा हिंदी, घर मराठी. पहिल्या वर्षी ज्यांना मी कच्चे लिहिलं, ते फक्त हिंदीत कच्चे होते. आता करून दाखवतो, एकदा सराव, मग दोन संधी. मुलांच्या हालचालींची कौशल्यं तपासणाऱ्या डेल उलरिच यांच्या चाचणीची रीतही हीच. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत धावण्यापासून फेकण्यापर्यंत १३ कौशल्यं आहेत, ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी.

२. चेंडू किती लांब गेला यापेक्षा कसा फेकला ते पाहा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावचे लोक जांब नदीच्या दोन काठांवरून गोटमार खेळतात, म्हणजे एकमेकांवर दगड फेकतात. अशा मुलखात फेकणं काय शिकवायचं, असं मला वाटे. (गोटमारीची तरफदारी करत नाही, डोकी फुटतात.) मुलगे फेकतही झकास: अंग वळवून, उजवा हात तर डावा पाय पुढे. बऱ्याच मुली मात्र हाताच्याच बाजूचा पाय टाकत, नाहीतर जागच्या हलत नसत. 'मुलींत जोर कमी' असं लिहून मी मोकळा झालो. साफ चूक. चिंचा पाडायला दगड मारण्याची पाळीच त्यांच्यावर कुणी येऊ दिली नव्हती. मग खडूनं जमिनीवर डावं पाऊल काढलं आणि रोज दहा-दहा फेकी दिल्या. दिवाळीपर्यंत बहुतेकींचा पाय बरोबर पडू लागला.

३. झेलताना डोळे मिटत असतील तर चेंडू बदला. चिंध्यांचा द्या.

४. खेलो इंडियाच्या चाचणीत ५ ते ८ वर्षांच्या मुलांनी एका पायावर मिनिटभर तोल सांभाळायचा असतो, किती वेळा तोल गेला ते मोजतात. हे सगळ्या वर्गासमोर घेऊ नका. एक जण हसला की पुढचे चौघे पडतात. जेवणानंतर तर नकोच.

५. वहीत 'कमकुवत' लिहू नका, उद्याचं काम लिहा: 'फेकताना डावा पाय'.

यंदा चेंडूची पहिली पाळी मुलींची ठेवली आहे. चेंडू ६ आहेत, पोरं ३४.